नाझिफच्या लग्नाचा कौल

आमच्या पोचितेल गावात मुलीचं लग्न ठरवायचं असो, मुलाला स्वीडनला धाडायचं असो, नाहीतर जुनी मोटार विकून दुसरी घ्यायची असो, आधी देवलेता झोपते. ती उठून काय सांगते ते ऐकायचं आणि मग पुढचं ठरवायचं. आमच्या आयाही असंच करायच्या, फक्त तेव्हा देवलेताच्या जागी तिची आजी झोपायची.

याला आम्ही इस्तिहारा म्हणतो. कुणी कौल घेणं म्हटलं तरी चालेल. ज्याला काही विचारायचं आहे तो संध्याकाळी येऊन आपला रुमाल नाहीतर टोपी तिच्याकडे देऊन जातो. ती हातपाय धुऊन नमाज पढते, ती वस्तू उशाखाली ठेवते, उजव्या कुशीवर वळते आणि मग सकाळपर्यंत कुणाशी बोलत नाही. स्वप्नात पांढरं, हिरवं, नितळ पाणी दिसलं तर बेत चांगला. काळं, लाल, गढूळ दिसलं तर नाद सोडा. सकाळी तिचा पहिला शब्द विचारणाऱ्यासाठी असतो. तोवर मी भिंतीवरून कितीही हाका मारल्या तरी बाई हूं की चूं करत नाही.

मी तिची शेजारीण, शाचिरा. खाली वेशीच्या कमानीपाशी माझं डाळिंबाच्या रसाचं टेबल असतं. पाहुणे बसमधून उतरतात, माझ्याकडे रस पितात, मान वर करून टेकडीवरच्या बुरुजाकडे बघतात आणि विचारतात, वर जायला किती वेळ लागेल. मी सांगते, तुमच्या गुडघ्यांना विचारा. मग ते चढायला लागतात. दगडी पायऱ्या, दगडी छपरं, मशीद, घड्याळाचा मनोरा, मग अंजिरांची झाडं, मग माझं घर, मग देवलेताचं. तिच्या घरानंतर वाटेवर दुसरं घर नाही. पुढे फक्त किल्ला आणि त्यात बसलेला नाझिफ.

देवलेताच्या स्वप्नांचं सांगायचं तर तो वेगळाच कारभार. सुलेच्या मुलीच्या वेळी तिला आमच्या नेरेत्वा नदीवर पांढरी बदकं दिसली, आणि ती प्रवाहाच्या उलट पोहत होती. मुलगी खरोखरच नदीच्या वरच्या अंगाला, कोन्यित्सला दिली आणि सुखात आहे. इब्रोला बस घ्यायची होती, तर हिला बसच्या सीटांवर डाळिंबाची झाडं उगवलेली दिसली, चांगली हिरवीगार. इब्रोने बस घेतली. ती थोड्याच दिवसांत बंद पडली आणि आता तो तिच्यात डाळिंबं साठवतो. कौल चुकला असं आजवर इब्रोसुद्धा म्हणालेला नाही.

एक नियम तिने आजीपासून घेतला होता. लग्नाचा कौल असला तर स्थळाचं नाव सांगायचं नाही. मुलगा कुणाचा, मुलगी कुठली, काही नाही. नाव कळलं की आपला लोभ नाहीतर राग स्वप्नात शिरतो, असं आजी म्हणायची. देवलेता या नियमाला इतकी घट्ट होती की कुणी चुकून नाव घ्यायला लागलं तर ती सरळ कानांवर हात ठेवायची.

जागेपणीही ती पुरती जागी नसते. बोलता बोलता थांबते, डोळे नदीकडे जातात, हातातली सुई तशीच राहते. तिच्याशी बोलताना मला नेहमी वाटतं की ही एका पायाने अजून रात्रीत उभी आहे. तिचा नवरा ट्रक चालवायचा. लढाईच्या आधीच काळजाच्या दुखण्याने गेला. मूल झालं नाही. लढाईत आम्ही सगळेच इथून उठलो, कोण कुठे गेलं, मग हळूहळू परतलो. छपरं पुन्हा घातली, मिनार पुन्हा उभा राहिला. देवलेता परतली तेव्हा तिच्या अंगणात तुतीचं झाड तेवढं उभं होतं. तिने त्याच्या सावलीत एक स्टूल मांडलं आणि घर बांधून होईपर्यंत दुपारी तिथेच बसून डुलक्या घेतल्या.

आता नाझिफ. उंच, वाकलेला, कमी बोलणारा माणूस. बुरुजाची किल्ली त्याच्याकडे. सकाळी दार उघडतो, संध्याकाळी लावतो, मधे भिंतीवर बसून राहतो. तरुणपण सगळं अंथरुणाला खिळलेल्या आईच्या सेवेत गेलं. आई गेली तोवर केस पिकले आणि लग्नाचं कुणी विचारेनासं झालं. समोरचे दात पडलेले, म्हणून हसताना तोंडावर हात ठेवायचा. वर पाणी नाही, त्यामुळे दुपारी तो देवलेताच्या नळावर बाटली भरायला यायचा. एकदा ती म्हणाली, आलाच आहात तर कॉफी घ्या. त्यानंतर तो रोज आलाच.

दुपारी आमची सगळी टेकडी पेंगत असते. खिडक्यांची दारं लोटलेली, मांजरं दगडांवर पसरलेली, नदी खाली हिरवी आणि जवळजवळ न हलणारी. त्या वेळी मला भिंतीपलीकडून कॉफी ओतल्याचा आवाज यायचा आणि मग देवलेताचा. ती त्याला स्वप्नं सांगायची. कौलाची नव्हेत, ती ज्याची त्याची. तिची स्वतःची, बिनकामाची, ज्यांना कुणी ग्राहक नाही अशी. मशिदीच्या घुमटात पाणी भरलंय आणि आत मासे नमाजासाठी रांगेत उभे आहेत. आपली आजी लहान मुलगी होऊन आली आणि केस विंचरून दे म्हणाली. नाझिफ साखरेचा खडा कॉफीत बुडवून चावायचा आणि विचारायचा, "आणि मग?" एवढंच. माझ्या नवऱ्याने आख्ख्या संसारात मला "आणि मग" असं एकदाही विचारलं नाही, म्हणून मला तो शब्द चांगला लक्षात आहे.

गल्लीने अर्थातच दोघांना सोडलं नाही. घरोघर पाव पोचवणारी मुनिरा पिशवी द्यायला आली की म्हणायची, "काय देवलेता, किल्ला पडला की नाही अजून?" देवलेता म्हणायची, "किल्ला पाणी प्यायला येतो, पिऊन जातो." आणि लाल व्हायची. या वयात.

पण ती स्वतः किल्ल्यावर कधी गेली नव्हती. जन्म त्याच्या पायाशी गेला तरी. लहानपणी आई जाऊ द्यायची नाही, कारण वरच्या भिंतींआड पोरंपोरी भेटतात. लग्नानंतर वेळ नव्हता. आणि आता तर प्रश्नच नव्हता, कारण तिच्या दारावरून जी बाई वर जाईल ती नाझिफकडेच चालली असं सगळ्या खिडक्यांना कळणार. जर्मनीहून, तुर्कस्तानातून लोक येऊन वर जाऊन यायचे आणि तिच्या अंगणात टेकून म्हणायचे, काय देखावा आहे हो. ती म्हणायची, असेल बाई.

त्या उन्हाळ्यात नाझिफ दर गुरुवारी किल्ली बहिणीकडे, राबियाकडे ठेवून बसने शेजारच्या स्तोलात्स गावी जायला लागला. इस्त्रीचा शर्ट, केसांना पाणी लावलेलं. मुनिराने बातमी आणली की तिथे एक विधवा आहे, तंबाखूची शेतं आहेत तिची, दुमजली घर आहे. बातमी कुठून आणली विचारलं तर म्हणाली, एवढ्या कडक इस्त्रीचा दुसरा अर्थच नाही.

आम्ही दोघी तेव्हा माझ्या गच्चीवर अंजिरं वाळत घालत होतो. देवलेता बराच वेळ एकच अंजीर हातात धरून बसली. मग म्हणाली, "शाचिरा, त्याने तिथे लग्न केलं तर मी दुपारी काय करू?"

"झोपशील. सगळं जग दुपारी झोपतं."

"झोपून जे दिसेल ते सांगू कुणाला?"

मी वाळत घातलेली अंजिरं उगाच पुन्हा उलटून ठेवली. 

"मग त्याला सांग ना सरळ," मी शेवटी म्हटलं.

"काय सांगू? माझं ऐकत बसा, लग्न करू नका असं?" ती म्हणाली आणि अंजीर उन्हात ठेवलं. "माझं त्याच्यावर मन आहे गं. हे आता या वयात कुठे नेऊन ठेवायचं ते मला कळत नाही."

त्यानंतर चार-पाच दिवसांतच राबिया आली. संध्याकाळची वेळ, मी देवलेताकडे ढोबळ्या मिरच्यांत तांदूळ भरायला बसले होते. राबियाने पिशवीतून लोकुम मिठाईची पेटी काढली, कॉफीचं पाकीट काढलं आणि मग पांढरा, नीट घडी घातलेला पुरुषी रुमाल काढून मधोमध ठेवला. देवलेताने तो ओळखला. रोज दुपारी नाझिफला त्या रुमालाने कपाळ पुसताना ती बघत होती.

"भावाच्या मनात लग्न करायचं आहे," राबिया म्हणाली. "बाई विधवा आहे. चांगल्या घरातली, कष्टाळू. तिचं नाव..."

"नाव नको," देवलेता म्हणाली.

"अगं, या वेळी ऐकून तर घे."

"माझ्या आजीने कधी ऐकलं नाही. मीही ऐकणार नाही."

"हट्टी आहेस."

"आहे. सकाळी ये."

राबिया माझ्याकडे बघून हसली. मला वाटलं, भावजय येणार म्हणून खूश आहे. देवलेताने रुमाल उचलला आणि आत नेऊन ठेवला. परत येऊन मिरची भरायला लागली तर तांदूळ सगळे बाहेर सांडत होते. मी म्हटलं, राहू दे, मी करते. जायच्या आधी मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. ती बोलली नाही, नमाजाची वेळ झाली होती आणि तिथून पुढे तिचा मौनाचा नियम.

सकाळी राबियाच्या आधी मीच हजर. शेजारधर्म म्हणा, भोचकपणा म्हणा. मुनिरा पावाची पिशवी घेऊन आलेली होती, ती हलली नाही. देवलेता दारात आली. डोळे लाल, चेहरा धुतलेला. तिने रुमाल राबियाच्या हातात ठेवला.

"काळं," ती म्हणाली. "बुरुजाच्या दारात कावळा बसलेला होता. नदी गढूळ, लाल मातीची. नको म्हणावं."

राबियाचा चेहरा उतरला. "नीट पाहिलंस?"

"नीट पाहिलं."

"पुन्हा एकदा झोपून बघशील?"

"पुन्हा झोपलं की स्वप्न नाही पडत, हट्ट पडतो. जे आहे ते हे आहे."

राबियाने रुमाल पिशवीत टाकला, लोकुमच्या पेटीकडे एकदा बघितलं, ती तिथेच सोडली आणि पायऱ्या उतरून गेली. मुनिरा तिच्या मागोमाग निघाली, बातमी गरम असतानाच पोचवायला.

त्या दिवशी देवलेताने अंगण दोनदा झाडलं. कॉफी दळली. तुतीखाली दोन पेले मांडले. दुपार झाली, टेकडी पेंगायला लागली. नाझिफ आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मग कळलं की तो आता पुढच्या वाटेने येत-जातच नाही. किल्ल्याच्या मागच्या बाजूला एक घळ आहे, काटेरी झुडपांची, शेळ्याही जिथून नाइलाजाने जातात. तो तिथून चढतो, तिथूनच उतरतो, आणि पाणी घरून भरून नेतो.

"वाईट वाटलं असेल त्याला," मी म्हटलं. "स्तोलात्सची शेतं हातची गेली."

"होईल बरा," देवलेता म्हणाली. पण पेले ती रोज मांडत राहिली. संध्याकाळी तसेच उचलायची. तिला तो हवा होता म्हणून तिने लग्न मोडलं, आणि लग्न मोडलं म्हणून तो येईना. मला तेव्हा यातलं अर्धंच ठाऊक होतं. तरी तिच्याकडे बघवत नव्हतं. ती कुणालाही नीट ओळख देईना. एक बाई मुलाच्या नोकरीचा कौल घ्यायला आली तर तिला परत पाठवलं, म्हणाली, सध्या मला काही दिसत नाही.

मग बाजाराच्या दिवशी मी चाप्लिनाला गेले होते. टोमॅटोच्या गाडीपाशी राबिया भेटली. मी विचारलं, कशी आहेस. तिने पिशवी खाली ठेवली आणि तिथेच सुरू झाली.

"कशी असणार? माझ्या भावाला चार जणींसमोर नाकारलं, आणि तेही कावळ्याच्या तोंडून. नको होता तर सरळ नको म्हणायचं होतं तुझ्या मैत्रिणीने."

"मैत्रिणीने कशाला नको म्हणायचं? ती स्तोलात्सची..."

"कुठली स्तोलात्सची?"

"तंबाखूवाली. जिच्यासाठी तो गुरुवारी जात होता."

राबिया माझ्याकडे अशी बघत राहिली की टोमॅटोवाल्यानेही वजन थांबवलं. "दातांसाठी जात होता, शाचिरा. तिथला डॉक्टर स्वस्तात बसवून देतो. वर्षानुवर्षं हात ठेवून हसतोय. मला म्हणाला, मागणी घालायची तर तोंड उघडता यायला हवं."

 मी खोक्यावर बसले.

"मग विचारलं का नाही तिला?"

"तो म्हणाला, तोंडावर विचारलं तर ती शेजाऱ्याची भीड म्हणून हो म्हणेल. झोपेत माणूस भीड धरत नाही आणि खोटं बोलत नाही. तिचं तिच्या स्वप्नालाच ठरवू दे." राबियाने डोळे पुसले. "मी नाव घ्यायला गेले तर तिने घेऊ दिलं नाही. मला वाटलं होतं, तिला आतून ठाऊकच असेल. सगळ्या पोचितेलला ठाऊक आहे."

मी टोमॅटो न घेताच परतले.

देवलेता डाळिंबाचा रस आटवत बसली होती. मी पायऱ्या चढून धापा टाकत आले आणि सगळं एका दमात सांगितलं. दात, शर्ट, विधवा म्हणजे कोण. ती ढवळत राहिली. मग पळी थांबली.

"कावळा नव्हता," ती हळूच म्हणाली.

"काय?"

"मला कावळा दिसला नव्हता, शाचिरा. मी बनवला."

तिने आजवर कधी असं केलं नव्हतं. मला खात्री आहे, कारण तिला खोटं बोलता येत नाही. म्हणून तर तो कावळा सगळ्यांना इतका खरा वाटला. मला हसू आलं आणि त्याच वेळी रडू आलं, आणि दोन्ही तिला आवडलं नाही.

"मी माझंच लग्न मोडलं," ती म्हणाली.

"मग जा आणि जोड. वर जा, सांग त्याला, खोटं बोलले म्हणून."

"तुला सोपं वाटतं. मी एकदा खोटं बोलले हे बाहेर पडलं की या टेकडीवरची निम्मी घरं डळमळतील. सुलेची मुलगी नवऱ्याशी भांडली की म्हणेल, ती बदकं तरी खरी होती का? माझ्या आजीपासूनचा शब्द आहे हा. तो गेला तर मी कोण? तुतीखाली डुलक्या घेणारी एक म्हातारी."

"आणि नाही सांगितलंस तर?"

"तर लोकांसाठी झोपणारी आणि स्वतः जागी असणारी म्हातारी," ती म्हणाली.

रस करपायला लागला होता. तिने भांडं उतरवलं, शेगडी बंद केली, एप्रन सोडला. डोक्याचा रुमाल पुन्हा बांधला. मग घरातल्याच सपाता पायात होत्या त्या तशाच ठेवून फाटकाबाहेर पडली आणि खाली न वळता वर वळली.

मी अर्थातच मागे गेले. माझ्या सुदैवाने एक वयस्क परदेशी जोडपं तेवढ्यात चढून आलं आणि किल्ल्याची वाट विचारू लागलं, त्यामुळे मला कारण मिळालं. चला, दाखवते, म्हटलं. मुनिराची खिडकी उघडली. तिच्या खालची उघडली. देवलेताने वळून पाहिलं नाही.

भर दुपार होती. त्या उन्हात किल्ला नेहमीच जरा अधांतरी दिसतो, दगडांच्या कडा विरघळल्यागत. भिंतींच्या फटींतून रानटी डाळिंबं वाढलेली, लहान आणि आंबट, कुणी न तोडलेली. देवलेता प्रत्येक वळणावर थांबायची, भिंतीला हात लावायची, पुन्हा चालायची. घाई नव्हती तिची. भीतीही दिसत नव्हती. आपण पूर्वी इथे अनेकदा आलो आहोत, फक्त जागेपणी नाही, अशी ती चालत होती. झाडांवर किरकिरणाऱ्या किड्यांचा आवाज इतका एकसुरी की थोड्या वेळाने तो शांततेसारखाच वाटू लागला.

वरच्या चौकात नाझिफ भिंतीवर बसला होता. तिला बघून उभा राहिला.  मी पाहुण्यांना कमानीच्या सावलीत थांबवलं आणि तोंडावर बोट ठेवलं. मी ऐकत होते, त्यात लपवायचं काय.

ती भिंतीपाशी गेली आणि आधी खाली बघितलं. नदी एका हिरव्या पट्ट्यासारखी, छपरांचे करडे दगड, आणि अगदी पायाशी तुती, तिच्याखाली टेबल, टेबलावर दोन पेले.

"इथून माझं अंगण दिसतं," ती म्हणाली.

"हो."

"मी कपडे वाळत घालते तेही?"

"तेही."

"आणि गेले काही दिवस पेले मांडते ते?"

त्याने खाली पेल्यांकडे पाहिलं. मग म्हणाला, "दिसत होते. मला वाटलं, दुसऱ्या कुणासाठी असतील."

"नाझिफ, कावळा नव्हता. मी खोटं सांगितलं."

तो तिच्याकडे बघत राहिला.

"मला वाटलं, ती स्तोलात्सची," देवलेता म्हणाली.

"कोण स्तोलात्सची?"

"तंबाखूची शेतंवाली."

त्याला समजायला जरा वेळ लागला. मग तो हसला, अगदी मोकळा, आणि हात तोंडाकडे न्यायचा विसरला. दात चांगले बसवले होते. पण लगेच त्याचा चेहरा पुन्हा गंभीर झाला, कारण तो इथलाच माणूस आहे आणि आमच्याकडे ही गोष्ट हसण्यावारी नेत नाहीत.

"मग खरं काय दिसलं होतं?" त्याने विचारलं.

हा प्रश्न मी तिला विचारलाच नव्हता. मी धरून चालले होते की तिला पांढरं दिसलं आणि तिने काळं सांगितलं.

"काहीच नाही," देवलेता म्हणाली. "मी झोपलेच नाही. तुमचा रुमाल उशाखाली होता आणि पहाटेची बांग होईपर्यंत मी छताकडे बघत पडले होते. तुमचं दुसऱ्या कुणाशी बरं होईल की वाईट, हे मला बघायचंच नव्हतं. डोळे मिटले तर दिसेल, म्हणून मी मिटले नाहीत."

नाझिफने मान खाली घातली. किल्ली हातात फिरवली.  पाहुण्या बाईने मला खुणेने विचारलं, काय झालं, मी खुणेनेच सांगितलं, थांबा.

"म्हणजे कौल अजून झालाच नाही," तो म्हणाला.

"नाही."

"मग आता घ्या."

"इथे? भर दिवसा?"

"सावली आहे. वारा आहे."

त्याने बुरुजाच्या दाराआड, जिथे उन्हाळ्यातही दगड गार असतो, तिथे आपलं घोंगडं पसरलं. त्यावर कोट घडी करून उशीला ठेवला. देवलेताने आधी त्याने घरून आणलेल्या पाण्याने हातपाय धुतले, मग दोन रकात नमाज पढली, मग सपाता काढून नीट शेजारी ठेवल्या, उजव्या कुशीवर वळली आणि गप्प झाली. नाझिफ उंबऱ्यावर बसला, पाठ तिच्याकडे करून.

थोड्या वेळाने पाहुण्या बाईच्या नवऱ्याने धीर करून विचारलं, बुरूज बघायला कधी मिळेल. नाझिफ खालच्या आवाजात म्हणाला, "त्या झोपल्या आहेत. उठल्या की." मी भाषांतर केलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि गवतावर बसले, बहुतेक वाटलं असेल की ही इथली रीत आहे. आणखी काही लोक वर आले, त्यांनाही मी तिथेच बसवलं. कुणी कुणाशी बोलेना. पाकोळ्या बुरुजाभोवती फिरत होत्या, सावली हळूहळू भिंतीवरून सरकत होती, आणि आतून देवलेताच्या घोरण्याचा आवाज यायला लागला. इतकी वर्षं शेजारी राहते मी, पण मला ती घोरते हे माहीत नव्हतं. मीही मधे कधीतरी कमानीला टेकून पेंगले.

असरची, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजाची बांग झाली तेव्हा ती उठली. गालावर कोटाच्या शिवणीचा वण उमटला होता. क्षणभर तिला आपण कुठे आहोत ते कळलं नाही. नाझिफ उभा राहिला. तिचा पहिला शब्द त्याच्यासाठी होता, म्हणून त्याने काही विचारलं नाही, वाट बघत राहिला. मीही कान देऊन बसले, कारण ती आता खोटं बोलणार नाही हे मला कळत होतं, आणि खरं काय असेल ते कळत नव्हतं.

"काही दिसलं नाही हो," देवलेता म्हणाली. आवाज झोपेने जड झाला होता. "ना पांढरं, ना काळं. नुसती झोप लागली. इतकी गाढ झोप मला माझा नवरा गेल्यापासून लागली नव्हती."

नाझिफने थोडा विचार केला.

"मला एवढं पुरे आहे," तो म्हणाला.

पाहुण्यांना त्याने बुरूज दाखवला नाही. दाराला कुलूप लावलं, तिच्या सपाता उचलून तिच्या पायांपुढे ठेवल्या, आणि दोघं पुढच्या वाटेने, सगळ्या उघड्या खिडक्यांवरून, सावकाश खाली उतरली.